ज्वारीची एल आणि माझं पत्रक

भागवतदादा, तुझ्या दहाव्याला मांडवात माणसं काय बोलत होती ते तुला आता कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मी पत्रावळ्यांवर वाढत होते. पंगतीत बसलेला एक जण शेजारच्याला म्हणाला, "पुण्यात दारूच्याच कारखान्यात व्हता की बे त्यो. मंग दुसरं काय व्हणार?" दुसऱ्यानं भाताला आळं करत उत्तर दिलं, "तवाच पत्रकात आलतं की."

ते पत्रक मी लिहिलेलं होतं. तुला ते माहीत होतं. त्या दोघांना बहुधा माहीत नव्हतं, नाहीतर त्यांनी माझ्याकडून आमटी वाढून घेताना मान तरी वर केली असती.

तू दारूनं गेला नाहीस. लहानपणी सांध्यांचा ताप हृदयात उतरला आणि तुझी एक झडप निकामी झाली, ती बदलावी लागली. छातीवरचा तो लांब व्रण तू आम्हा पोरांना दाखवायचास आणि सांगायचास की बिबट्यानं ओरबाडलंय. मी सातवीपर्यंत ते खरं धरून चालले होते. ती झडपच शेवटी बंद पडली. डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहिलंय. पण कागद तुझ्या आईच्या, माझ्या मावशीच्या, पेटीत आहे आणि माझं पत्रक गावभर.

एक गोष्ट मात्र मलाही त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हती. तुझ्याबरोबर बिअर गाळणारा तो उंच मुलगा पुण्याहून आला होता. हात धुताना तो म्हणाला, "आम्ही सगळे चव बघताना गिळतो. भागवतसर एकटे थुंकायचे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती ना. घोट तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि बादलीत थुंकायचे. तरी सगळ्यांत बारीक चव त्यांनाच कळायची." मी नळाखाली हात तसाच धरून उभी राहिले. दहा वर्षं तू बिअर बनवलीस आणि ती पीत नव्हतास. मी तुला हे कधी विचारलंच नाही. माझ्याकडे उत्तर आधीपासून छापून तयार होतं.

तुला आठवतं का, गच्चीवरचे ते चार वाडगे? तू हिवाळ्यात सुटीवर आला होतास. मावशीनं ज्वारीला मोड आणून दिले होते, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. ज्वारी भिजवून ओल्या गोणपाटात बांधायची, मोड फुटले की उन्हात वाळवायची आणि तळहातानं चोळून मोड झाडून टाकायचे, नाहीतर कडू लागतं. याच ज्वारीचं सत्त्व करून ती गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला द्यायची. तू तीच ज्वारी कमी-जास्त भाजून चार वाडग्यांत ठेवलीस आणि मला हाक मारलीस, "क्रांते, चहा झाला आसंल तर वर ये. शब्द पायजेत."

तुमच्या कारखान्यात चवींचा एक इंग्रजी तक्ता होता. बिस्कीट, टॉफी, राळ, ओलं गवत, घोड्यावरची घोंगडी. तू म्हणालास, "ह्या गोऱ्यांनी घोड्याच्या घोंगडीपातुर शब्द केलेत. आपली ज्वारी आपल्याच भाषेत मुकी हाय." मी तेव्हा दारूच्या नावानंही अंग चोरणारी. पण दाणे चघळण्यात काय दारू, म्हणून बसले. पहिला वाडगा तोंडात टाकला आणि म्हणाले, हुरडा. शेकोटीतून नुकता काढलेला, अजून दुधाळ. दुसऱ्याला म्हणाले, भाकरीचा पापुद्रा. तिसरा काकवीसारखा. चौथा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा, करपट, पण शेवटी जिभेवर गोडसर. तू भराभर लिहून घेत होतास. मग शब्द नुसते सुटले. खमंग, खरपूस, तुरट, कडसर, आंबूस, उग्र, मवाळ. "मवाळ" ऐकून तू मांडीवर थाप मारलीस. म्हणालास, "पक्ष काढती का बिअर?"

त्या दुपारी तू मला सगळी कुळं सांगितलीस. बिअरची घराणी दोन. एक थंडीत हळूहळू मुरतं, ते लागर. दुसरं उबेला आंबतं आणि त्याचं यीस्ट वर तरंगतं, ती एल. "एल म्हंजी आपल्या हवेची," तू म्हणालास. "इरजणाला ऊब लागती तशी." इंग्लंडात ती पूर्वी घरोघर बायकाच करायच्या. लाकडी पिंपातली जुनी एल गारढोण नसते, फेसही बेताचाच असतो, म्हणून तिच्यातलं धान्य बोलतं. गव्हाच्या एलला केळं न घालता केळ्याचा वास येतो, लवंग न घालता लवंगेचा, कारण तिथं यीस्टच मसाला करतं. फिकी एल कडसर, ताज्या फुलांच्या वासाची. तपकिरी एल पापुद्र्याची, काकवीची. बेल्जियमच्या शेतांवर सुगीतल्या मजुरांसाठी हलकी, कोरडी एल गाळून ठेवायचे. आफ्रिकेतल्या बायका आजही ज्वारीची करतात, दाट, आंबूस, आंबिलीच्या मोठ्या बहिणीसारखी. आणि पोर्टर. ती सांगताना तू माझ्याकडे मुद्दाम बघितलंस. लंडनच्या हमालांची काळी एल. पोर्टर म्हणजे हमालच.

"आता बोल," तू म्हणालास. "कष्टकऱ्यांची हाय. तुज्या पत्रकात बसतीय का?"

मी भडकले. मजुराला चांगलं पाणी आणि पुरेशी मजुरी दिली असती तर त्याला तुमची हलकी, कोरडी एल लागली नसती, असं म्हणाले. परळीच्या स्टेशनावरचा हमाल काय पितो ते तुला ठाऊक आहे का, असं विचारलं. त्याच्या बायकोला जाऊन विचार विषात चवी किती असतात! तू शांतपणे वाडगे एकात एक ठेवत होतास. म्हणालास, "जो चव घेतो त्यो थांबतो, क्रांते. ढोसणाऱ्याला चव नसती." मी म्हटलं, थांबायला शिकवणारी दारू तुमच्या पुण्यातल्या काचेच्या घरांत मिळते, आमच्या वस्तीवर मिळत नाही. तू म्हणालास, "हे मात्र खरं हाय." आणि उतरून गेलास. तू एक मुद्दा मान्य केलास आणि मी त्याला माझा विजय समजले. पुढचं बोलणं राहिलंच.

मी अजूनही तुझ्याशी सहमत नाही, हेही लिहायला हवं. तू गेलास म्हणून मी मत बदललं असं म्हटलं तर तुला हसू येईल. मी बाबांच्या छापखान्यात, पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. तेलगावातल्या आमच्या घरात भात उतरवायला कागदाचा गठ्ठा असायचा आणि त्या गठ्ठ्यावर कुठल्या तरी मोर्चाचं आवाहन. मी अक्षरं त्यावरच शिकले. ज्या बायकांसाठी मी लिहिलं त्यांच्या पाठीवरचे वळ खरे आहेत. पण त्या उन्हाळ्यात मी केलं ते त्या वळांसाठी नव्हतं. त्यासाठी होतं असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले.

बाबांचा नियम तुला माहीत होता. पत्रक लांबचं बोलू नये. त्यात आपल्या भागातलं एक उदाहरण पाहिजे. नाव छापायचं नाही, पण वाचणाऱ्याला घर कळलं पाहिजे. बाबा म्हणत, नाव नसलं की अब्रूनुकसानी होत नाही आणि घर कळलं की चळवळ होते. लहानपणापासून मी हा नियम हुशारी समजत आले.

बायकांनी हातभट्टीविरुद्ध मोर्चा ठरवला होता. धारूरच्या घाटाखाली कोणाच्या शेतात भट्टी चालते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोन घरांतले पुरुष तिच्यापायी गेले होते. मी दुपारी बसून त्या शेताचं वर्णन लिहिलं. विहीर, पत्र्याचं शेड, बांधावरची चिंच. घर कळेल असं. मग चहा प्यायले आणि वाचून बघितलं. त्या शेताचा मालक कोणाच्या जीपमध्ये पुढे बसतो तेही मला माहीत होतं. निवडणूक तोंडावर होती. आमच्या छापखान्याचं शटर, बाबांचं वय, माझं एकटीनं घाटातून स्कूटीवर येणं-जाणं, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी तो परिच्छेद खोडला. पण उदाहरण तर हवंच होतं.

म्हणून मी तुझं घेतलं.

तू तेव्हा मावशीच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ज्वारीला मोड आणून, भाजून, पोती पुण्याला पाठवायला लागला होतास. गावात कधी एक थेंब गाळला नाहीस. गाळायचं ते पुण्यात, परवान्याच्या जागी. मी लिहिलं: "घाटावरच्या एका गावात एक शिकलासवरला तरुण पत्र्याच्या खोलीत आपल्या ताटातल्या ज्वारीला मोड आणतो आहे. हे मोड कशासाठी, ते विचारा. आंबूस, उग्र वासाच्या दारूचा कच्चा माल आपल्याच मायमाउल्यांच्या हातून तयार होतो आहे." एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते तीनदा तपासलं होतं. त्याच मुद्द्यावर मी पुढे दोन वर्षं उभी राहिले, की त्यात खोटं काय होतं? "आंबूस" आणि "उग्र" हे शब्द मी गच्चीवर तुझ्या वहीसाठी सांगितले होते, ते तिथून उचलून तुझ्याच अंगावर फेकले.

मोर्चा घाटाखालच्या भट्टीकडे जायचा होता. फाट्यावर थोडं थांबणं झालं, थोडं कुजबुजणं झालं आणि तो तुमच्या गावाकडे वळला. कोणी वळवला हे मला सांगता येणार नाही. मी अडवला नाही, एवढं मात्र मी सांगू शकते. गयाबाई सगळ्यांत पुढे होती. तिचा मोठा मुलगा भट्टीपायी गेलेला. तिनं पहिलं पोतं ओढलं. वाळत घातलेली ज्वारी, भाजलेली ज्वारी, सगळी उकिरड्यावर गेली. मावशी दारात उभी राहून ओरडत होती, "आगं बायांनो, सत्त्वाची ज्वारी हाय ही! गया, तुज्या नातवानं खाल्ली न्हाई का?"

गयाबाई ओरडली, "मंग दारूच्या हातानं चारली म्हणायची आमच्या लेकराला!"

मी कोपऱ्यावर घोषणांचा कागद धरून उभी होते. तू खोलीच्या दारातून बाहेर आलास, आधी आईला धरून आत नेलंस आणि मग माझ्याकडे आलास. मला वाटलं तू मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं, मला एक बाजू मिळाली असती. तू हातातलं पत्रक दुमडून खिशात घातलंस आणि म्हणालास, "चांगलं लिहिलंय. 'मोड' लई वेळा आलाय, तेवढं बघ." आणि परत गेलास.

दादा, तू त्या दिवशीही माझं प्रूफ तपासत होतास.

त्यानंतर कोणत्याही बाळंतिणीच्या घरून मावशीला बोलावणं आलं नाही. तिनं गावातली कितीतरी पोरं त्या सत्त्वावर उभी केली होती. आता तिच्या हाताचं पीठ म्हणजे दारूचं पीठ झालं. घाटाखालची भट्टी मात्र धडधडत राहिली. बायकांनी मोर्चा यशस्वी झाला असं सांगितलं आणि बाबांनी तशी बातमी दिली. तू पोती गुंडाळून पुण्याला गेलास आणि दिवाळीशिवाय आला नाहीस. दिवाळीलाही तू माझ्याशी अगदी नीट बोललास. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस, ताटात साडी ठेवलीस आणि बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. तुझा तो नीटपणा मला सहन झाला नाही. मी आत जाऊन भांडी घासत बसले.

आणि मग गेल्या वर्षी तुझा निरोप आला. फोनवर, तुझ्या आवाजात. "क्रांते, झाली बघ. ज्वारीची एल. दुसरीकडनं ज्वारी आणावी लागली, पर झाली. आधी हुरडा लागतोय, मंग पापुद्रा, आन शेवटाला जराशी आंबील. पाटीवर मराठीत लिहायचंय. इथली पोरं इंग्रजी लिव्हत्यात, मला न्हाई पटत. दोन ओळी दे. तुला पिऊ नको म्हणतो, नुसतं लिव्ह." मागे कोणीतरी हसत होतं आणि काचेचे पेले वाजत होते.

मी तो निरोप ऐकला आणि उत्तर दिलं नाही. दारूच्या पाटीसाठी मी शब्द देणार नाही, ही भूमिका होती. भूमिका असं म्हटलं की आपण किती उंच उभे राहतो! खरं हे होतं की तुला लिहायला बसले असते तर पहिली ओळ माफीची लिहावी लागली असती. तू वाट बघितली असणार, कारण चार दिवसांनी पुन्हा एक निरोप आला: "ऱ्हाऊ दे, मीच लिव्हलं कायतरी." काय लिहिलंस? त्या उंच मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला की पाटी महिनाभर होती, मग दुसरी एल आली आणि ती पुसली. त्याला शब्द आठवत नव्हते.

तेरावं झाल्यावर मी मावशीकडे गेले. म्हटलं, मला पुन्हा लिहायचंय, दुसरं पत्रक, खरं काय होतं ते. तू गेल्यापासून ती अंगणात बाजेवर बसून असते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "पयलं लिवलंस तवा इचारलं न्हाईस. आता कशाला इचारती?"

मग तीच म्हणाली, "लिव्ह. पर त्याला देव करू नको. पुण्यात त्यो दारूच करत व्हता. पर पीत न्हवता, आन माज्या घरात दारू न्हवती. एवढंच लिव्ह." मी उठले तेव्हा म्हणाली, "आन मला वाचून दावू नको."

बाबा नको म्हणाले. चळवळ एका माणसापेक्षा मोठी असते, आता मागे फिरलीस तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही. मी विचारलं, आपण त्या एका माणसाचं घर दाखवलं तेव्हा चळवळ किती मोठी होती? ते चिडून आत गेले. तासाभरानं बाहेर आले, चष्मा लावला आणि माझ्या हातातून कागद घेतला. दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. मजकुराला हात लावला नाही. या वेळी पत्रकात दोन नावं आहेत, नियम मोडून, पूर्ण नावं. एक माझं. दुसरं घाटाखालच्या शेताच्या मालकाचं. तुझं कुठेही नाही. "माझा मावसभाऊ" एवढंच आहे, आणि तो बिअर करायचा, ती तोंडात घेऊन थुंकायचा आणि हृदयाच्या झडपेनं गेला, असं लिहिलंय.

काल धारूरच्या बाजारात ते वाटलं. भाजीच्या ओळीत उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही. मेथीच्या पेंढ्या बांधणारी गयाबाई समोरच बसली होती. वाचून झालं तेव्हा तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"तुला तवा ठाव व्हतं का, ती सत्त्वाची ज्वारी हाय म्हणून?"

"होतं."

"त्यो गावात गाळत न्हाई, त्ये बी ठाव व्हतं?"

"होतं."

"मंग कावून लिवलं तसं?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तूसुद्धा नाही. माझ्याकडे किती उत्तरं होती, दादा, एकाहून एक सरस. मी म्हणाले, "भ्याले होते."

"कुणाला?"

मी भट्टीवाल्याचं नाव पुन्हा घेतलं. बाजारात, मोठ्यानं. दोन-चार माणसं वळून बघायला लागली आणि एक जण तिथून निघून गेला.

गयाबाई माझ्यावर हात उगारील असं वाटलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमी बी त्यालाच भ्यालतो," ती म्हणाली. "म्हणून तर फाट्यावरनं तुज्या मावशीच्या घराकडं वळलो."

तुझ्या दारात यायची कोणालाच भीती वाटत नव्हती, दादा. म्हणून आम्ही सगळ्या तिथे आलो.